केदारला चुकलेली मूठ

माझं अक्षर वाकडं आहे आणि वेलांटी कुठे लहान, कुठे मोठी हे मला अजून कळत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, मग लग्न झालं. मुलाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. कोणाच्या हाती पडलीच तर चुका पोटात घालाव्यात.

लिहायचं कारण एवढंच की आमच्या पारोळ्याकडच्या गावात ही गोष्ट वेगळी सांगतात. केदारला माझ्या सासूबाईंच्या अंगात आमची देवी कानबाई आली आणि सुनेने घाबरून त्यांना व्रत अर्धवट टाकून खाली आणलं, असं म्हणतात. मी घाबरले होते हे खरं आहे. बाकीचं मी पाहिलं तसं लिहिते.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. ज्येष्ठात गावातली अकरा माणसं केदारनाथाला निघाली. पुढारी होते आबा, माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. सासरे वारून तेव्हा सहा वर्षं झाली होती. सगळ्यांनी आपापले पैसे आबांकडे दिले होते आणि त्यांच्या कमरेच्या एकाच कशातून, म्हणजे पैशांच्या पिशवीतून, वाटखर्च व्हायचा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. शेतातून कोणाला निघता येत नव्हतं म्हणून त्यांच्या सोबतीला मला धाडलं. माझा चार वर्षांचा मुलगा जाऊबाईंकडे ठेवला.

जळगावहून आगगाडी, हरिद्वारपुढे मोटार, आणि मोटारीचा रस्ता संपला की पायी. वाटेत मुक्कामाला दगडी छपरं होती, त्यांना चट्टी म्हणत. तिथल्याच दुकानात शिधा घ्यायचा आणि तिथेच शिजवायचं. शिधा म्हणजे तांदूळ. आत्याबाई तिसऱ्याच दिवशी कंटाळल्या.

"आबा, तुमना देव भातखाऊ शे," त्या म्हणाल्या. "त्याले भाकर माहीतच नही शे का?"

"वहिनी, तुम्हीच मंदिरमा जाईसन सांगा त्याले," आबा म्हणाले, आणि सगळे हसले.

आत्याबाई अशाच होत्या. साठीच्या, बारीक, जिभेने तिखट. गावात कोणाच्या घरी किती माणसं आणि कोण कधी वारलं हे त्यांना विचारून लोक खात्री करून घ्यायचे. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रोटाचे गहू त्याच मोजायच्या. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या वाट्याची सव्वा मूठ गहू काढतात, मग तो पाळण्यातला का असेना. ते गहू दळून देवीचे रोट होतात. आत्याबाई सुपाशी बसून एकेकाला आठवत मूठ टाकायच्या, आणि त्यांची मूठ कधी चुकलेली मी पाहिली नव्हती.

गौरीकुंडाशी त्यांचे गुडघे सुजले. पुढचा चढ खडा होता म्हणून आबांनी एक कंडीवाला केला. कंडी म्हणजे पाठीवरची वेताची टोपली. माणूस तिच्यात उलट्या तोंडाने बसतो आणि हमाल डोंगर चढतो. हा पहाडी माणूस मिशा पांढऱ्या झालेला, काटकुळा होता. इतक्या वयाच्या माणसाच्या पाठीवर बसायचं म्हणून आत्याबाईंना लाज वाटली. त्यांनी आपल्या गाठोड्यातला गूळ त्याला दिला. मी मागून चालत होते, त्यामुळे दिवसभर आमची तोंडं समोरासमोर होती.

"देव मना पाठमांगे, नि समोर सून," त्या म्हणाल्या. "मनं नशीबच असं शे वं."

दुपारपर्यंत त्यांचं बोलणं चालू होतं. मग कमी झालं. मग त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. ओठ जांभळट दिसत होते. मला वाटलं थंडी. मी माझी शाल त्यांना पांघरली.

वर पोचलो तेव्हा सगळ्यांचीच डोकी दुखत होती. दर्शन झालं. आबांचा तीन रात्री राहायचा नेम होता, म्हणून धर्मशाळेत एक खोली घेतली. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना चार-पाच उलट्या झाल्या. "डोकं फाटस वं," म्हणत त्यांनी कपाळ फडक्याने घट्ट आवळून घेतलं. आमच्यात अक्का म्हणून एक विधवा बाई होत्या. पूजापाठाचं त्यांना सगळं कळायचं. त्या म्हणाल्या, देवाच्या दारी अंग शुद्ध होतं, होऊ दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई उठल्या आणि दाराकडे गेल्या. दोन पावलं सरळ पडली, तिसरं आडवं. दारू प्यायलेल्या माणसासारख्या त्या भिंतीला जाऊन टेकल्या. मी धरायला गेले तर माझ्याकडे बघून हसल्या आणि मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. त्यांची बहीण माझ्या लग्नाआधीच वारली होती. मग त्या खाली बसून डोलायला लागल्या. डोळे वर, ओठ हलत होते, शब्द कळत नव्हते.

"देवी उनी!" अक्का म्हणाल्या.

आमच्या गावात कानबाईच्या वेळी बायकांच्या अंगात येतं. मी लहानपणापासून ते पाहिलं आहे, आणि डोलणं दिसायला तसंच होतं. अक्कांनी डबीतलं कुंकू काढलं, आबांनी ऊद पेटवला. देवीला वारा लागू नये म्हणून दार लावून घेतलं. दहा माणसं हात जोडून बसली. खोलीत धूर भरला आणि माझं डोकं आतून कोणी मुसळ घालावं तसं ठणकायला लागलं.

आबांनी विचारलं, "माय, मना पोऱ्याले पोरगं व्हयी का?"

"व्हयी, व्हयी," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती.

मी ती पुसायला पुढे झाले. अक्कांनी माझा हात बाजूला केला. "देवीले शिवू नको वं."

मी कोपऱ्यात बसले. अंगात आलेली बाई घामाने भिजते, तिच्या अंगात दहा माणसांचं बळ येतं. आत्याबाईंचे हात थंड होते आणि मान पुन्हा पुन्हा छातीवर पडत होती. या बाईला मी घरी परत नेणार आहे की नाही, एवढंच माझ्या मनात येत होतं. आणि त्याबरोबर दुसरी भीती, की मी देवीवर संशय घेते आहे आणि माझा मुलगा माझ्यावाचून घरी आहे.

तेवढ्यात दार ढकलून कंडीवाला डोकावला. तो दुसऱ्या कोणाला घेऊन वर आला होता आणि गूळ देणारी म्हातारी कशी आहे ते बघायला आला. त्याने आत्याबाईंकडे पाहिलं, आणि आबांकडे नाही, माझ्याकडे वळून म्हणाला, "माई, इसको बिख लगा है. पहाड़ का बिख. अभी नीचे उतारो. यहाँ रखोगे तो..."

वरच्या गवताफुलांचं विष वाऱ्यातून माणसाला चढतं, असं त्याच्या लोकांत मानतात, ते त्याने सांगितलं.

"देवीले बिख लागस का रे, बावळा?" आबा रागावले. "आजनी रात व्हयी जाऊ दे. नेम पुरा व्हवाशिवाय कोणी उतरत नही."

घरात मोठ्या माणसांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आबांशी तर लग्नापासून एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर डोक्यावरचा पदर पुढे ओढून दुसऱ्या बाईला सांगायचं आणि तिने त्यांना सांगायचं, अशी रीत. मला वाटलं, यांच्या अंगात खरंच देवी आहे का हे ओळखायचं कसं? आणि मला रोटाचे गहू आठवले. कानबाई असेल तर तिला आपले गहू ठाऊक असतील.

विचारायच्या आधी मी मनात मोजलं. मोठे दीर, आमचे हे, धाकटे दीर, मोठ्या जाऊबाईंची तीन मुलं, माझा मुलगा. सात आले. पुन्हा मोजले तर नऊ आले. तिसऱ्यांदा मोजायला गेले आणि मध्येच कोणाला घेतलं, कोणाला सोडलं ते कळेना. आमचं घर, माझीच माणसं, आणि मला ती मोजता येईनात. आत्याबाईंना झालंय तेच मला होतंय की काय? मग माझ्या संशयावर तरी मी विश्वास कसा ठेवू? जास्त वेळ बसले तर विचारायचं काय ते सुद्धा विसरेन असं वाटलं, म्हणून मी बोलले.

"अक्का, देवीले इचारा. आमना घरमा रोटन्या मुठी कितल्या?"

माझा आवाज ऐकून सगळ्यांनी माना वळवल्या. अक्कांनाही प्रश्न आवडला असावा. त्यांनी हात जोडून तो विचारला.

आत्याबाईंनी सूप समोर असल्यासारखा हात पुढे केला. मूठ भरली, सोडली. "मोठानी," त्या म्हणाल्या. "मधलानी." मग बराच वेळ गेला. "धाकलानी." मुलं त्यांना आठवलीच नाहीत. हात हवेत राहिला, आणि मग त्या लाजून हसल्या. "नि त्यासनी."

आत्याबाई माझ्या सासऱ्यांचं नाव घेत नसत. 'ते' म्हणायच्या.

"त्यासनी," त्या पुन्हा म्हणाल्या आणि पुन्हा मूठ सोडली. "आते येतीन ते शेतमाईन."

अक्कांचा कुंकवाचा हात तिथेच थांबला. मेलेल्या माणसाची मूठ आमच्याकडे कोणी घालत नाही. घातली तर रोट बाटले असं समजतात.

"देवी काय बी बोलस," आबा म्हणाले, पण हळू.

तेव्हा मी त्यांच्याशी सरळ बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. "आबा, कानबाई मेलेल माणूसनी मूठ मांगत नही. ह्या मन्ह्या आत्याबाई शेतस, नि त्यासले काई कळी नही राह्यनं. मी त्यासले खाले लई जास."

आबांचे डोळे लाल झाले होते. "जाय," ते म्हणाले. "देवी कोपनी ते तू जाणे. कसामाईन एक पैसा देणार नही मी."

कंडीवाला तोवर आत येऊन आत्याबाईंना उचलत होता. माझ्या पदराच्या गाठीत दीड रुपया होता. मी त्याला दाखवला. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. आत्याबाईंचंच एक लुगडं घेऊन त्याने त्यांना कंडीला बांधलं, नाहीतर त्या कलंडल्या असत्या.

दुपार होती, पण धुक्यात दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. खाली नदीचा आवाज एवढा की मी हाक मारली तरी ती मलाच ऐकू येत नव्हती. मी मागून उतरत होते आणि आत्याबाईंचं तोंड पुन्हा माझ्यासमोर होतं. डोळे उघडे, पण त्या मला बघत नव्हत्या. गारा पडायला लागल्या. त्यांच्या कपाळावर गारा आपटत होत्या आणि त्या पापणी हलवत नव्हत्या. मला वाटलं, गेल्या. मी पळत जाऊन त्यांच्या नाकाशी हात धरला. श्वास होता. पन्नास पावलांवर पुन्हा तेच वाटलं, पुन्हा पळाले. असं किती वेळा केलं ते आठवत नाही. पाय घसरून दोनदा पडले. एका चपलेचा पट्टा तुटला, ती तिथेच टाकली.

रामबाड्याला चहाचं छप्पर होतं. तिथे पोचलं की शुद्ध येईल असं त्याने सांगितलं होतं. आली नाही. मी त्यांच्या तोंडात चमच्याने गरम पाणी घातलं, ते बाहेर आलं. मी कंडीवाल्याकडे पाहिलं. त्याच्याही तोंडावर भीती होती. तो घोटभर चहा प्यायला आणि म्हणाला, "और नीचे."

त्या उतारावर मी गहू मोजायला लागले. मोठ्याने, नदीच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नव्हतं म्हणून. मोठानी, मधलानी, धाकलानी. पहिल्यांदा पाच आले. मग सहा. झाडं लागली, हवा जरा जड झाली, तेव्हा कधीतरी सात आले. पुन्हा मोजले, सातच. डोक्यातलं मुसळ थांबलं होतं. मी मान वर केली, तर आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. खरंच बघत होत्या. कपाळाला आठी घालून.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुना पदर कोठे शे? परका माणूससमोर उघडा डोकानी चालस!"

मी रस्त्यात बसले आणि रडले. पदर घेतला आणि पुन्हा रडले. कंडीवाला काय झालं म्हणून थांबला, तर त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू चाल रे भाऊ. तिले सवय शे."

गौरीकुंडाला आम्ही चार दिवस होतो. आत्याबाई झोपायच्या, उठायच्या, दूध प्यायच्या. तोल सावरायला दोन दिवस गेले. वरचं त्यांना काहीच आठवत नव्हतं, दर्शनसुद्धा नाही. खोलीचं भाडं, दूध, तूप, सरपण, माझ्यासाठी चपला, सगळं कंडीवाल्याने आपल्या पैशांतून केलं. त्याची मजुरी धरून बावीस रुपये झाले. मी पायांतले चांदीचे वाळे काढून दिले. त्याने ते माझ्यासमोर परत ठेवले.

"चाँदी लेकर घर जाऊँगा तो बुढ़िया पूछेगी, किसको लूटा? पैसा भेज देना, माई."

चट्टीच्या दुकानदाराने त्याचा पत्ता एका कागदावर लिहून दिला. मंडळी पावसाने वर अडकून चौथ्या दिवशी उतरली तेव्हा आबा आमच्याशी बोलले नाहीत. पण गाडीत त्यांनी आपली घोंगडी आत्याबाईंना दिली.

आम्ही पोचलो त्याच दिवशी गोष्ट गावभर झाली. बायका आत्याबाईंच्या पाया पडायला यायच्या. त्यांना ते आवडायचं, खोटं कशाला लिहू. मला कोणी काही म्हटलं नाही, पण विहिरीवर मी गेले की बोलणं थांबायचं. घरी आमचे हे एकदाच म्हणाले, "आबांचं ऐकायला हवं होतं." कंडीवाल्याच्या पैशांचं मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्याच महिन्यात मुलाला ताप आला. चार दिवस उतरेना. मला वाटलं, आली कानबाई वसुलीला. मी देवीला खोटं पाडलं, आता ती माझं लेकरू नेते. त्या चार दिवसांत मी केदारपेक्षा जास्त भ्याले.

त्याला धुळ्याला एका डॉक्टरकडे नेलं. आत्याबाई सोबत आल्या. डॉक्टर पूर्वी फौजेत होते. त्यांनी मुलाला तपासलं, हिवताप आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. त्यांची माणसाशी वागणूक चांगली दिसली म्हणून आत्याबाईंनी केदारला अंगात आलेल्या देवीची गोष्ट सांगायला घेतली. डॉक्टर लिहायचे थांबले.

"डोकं दुखत होतं? उलट्या? चालताना तोल जात होता?"

आत्याबाईंना आठवत नव्हतं. मी पदराआडून हो म्हटलं.

"काश्मीरकडच्या डोंगरांत मी हे पाहिलं आहे," ते म्हणाले. "चांगला धडधाकट शिपाई बर्फात बूट काढून बसला होता, आणि हसत होता. उंचावर हवा विरळ असते. मेंदूला लागते तेवढी मिळत नाही. आधी हिशेब जातो, मग तोल, मग शुद्ध. मेंदू सुजत असावा. आम्हालाही ते अजून पुरतं कळलेलं नाही. खाली आणलं की माणूस वाचतो, नाहीतर बहुतेक वाचत नाही. आजीबाई, तुम्हाला खाली कोणी आणलं?"

आत्याबाई माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "मलाही घरची माणसं मोजता येत नव्हती."

"कशी येणार? तिथे सगळ्यांचीच डोकी थोडीफार बिघडली असणार. तुमच्या पुढाऱ्यांचंही."

आबांवरचा राग माझ्या मनातून त्या दिवशी गेला.

परतताना मोटारीत आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. पारोळ्याचा किल्ला दिसायला लागल्यावर त्यांनी विचारलं, "मी काय बोलनू व्हतू तठे?"

मी सांगितलं. मूठ, आणि ते शेतातून येणार होते ते. त्यांनी तोंडाला पदर लावला. घरापर्यंत काढला नाही.

श्रावणात कानबाईचे गहू काढायला त्यांनी मला शेजारी बसवलं. "तू मोज," म्हणाल्या. "मन्हा हातवर मना भरोसा नही." मी मोजलं. सात. त्यांचा हात सात मुठींनंतर सुपावर जरा थांबला, मग त्यांनी तो मागे घेतला. त्या वर्षी पाया पडायला आलेल्या बायकांना त्यांनी दारातून परत पाठवलं. "देवी घरमा बसेल शे, तिना पाया पडा. मी आजारी व्हतू."

बावीस रुपयांसाठी मी बिबड्या केल्या. ज्वारीच्या वाळवलेल्या पापडांसारख्या त्या बिबड्या पारोळ्याच्या बाजारात एक ओळखीची बाई विकून द्यायची. पोस्टात जायची मला फार भीती वाटे, फॉर्मवर लिहायची त्याहून जास्त. पहिली मनीऑर्डर पाच रुपयांची केली तेव्हा पत्ता एकेक अक्षर कागदावरून बघून उतरवला. पैसे पोचल्याची पावती महिनाभर आली नाही आणि मी धरून चालले की तो म्हातारा वरच कुठेतरी गेला. मग ती आली, निळ्या अंगठ्याच्या ठशाची. दीड वर्षात तीनदा पाच पाच रुपये गेले. सात राहिले होते.

ते सात आत्याबाईंनी दिले. त्यांना मी कधी काही बोलले नव्हते, पण बिबड्यांचे पैसे घरात येत नाहीत हे त्यांनी पाहिलं होतं. एका दुपारी बटव्यातून सात रुपये काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. "वझं मनं व्हतं," म्हणाल्या. "नि लिख त्याले, म्हातारी जित्ती शे."

मनीऑर्डरच्या खालच्या कोऱ्या जागेत मी तेवढंच लिहिलं, मला येतं तशा हिंदीत. अडीच महिन्यांनी पावती आली. या वेळी अंगठा थोडा तिरका उमटला होता. बावीसचे बावीस फिटले.